गुडघ्याची गोळी

आई, आज लॅबमध्ये तिकोणा पेठेच्या एक मावशी आल्या होत्या, मानेला गाठ घेऊन. मी विचारलं, गुडघ्याची गोळी घेता का? दोनदा न्हाई म्हणाल्या. मग चहा दिला, भातलावणीच्या गप्पा काढल्या, तेव्हा कुठं पिशवीतून गोळ्यांची पट्टी निघाली. डॉक्टरांनी तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढणं पुढं ढकललं. त्या गेल्यावर तुझी इतकी आठवण आली की मशीनवर बसवेना.

लावणीत वाकून वाकून तुम्हा बायकांचे गुडघे जायचे, आणि परंदवडीच्या बांधावर एकीची पट्टी सगळ्यांत फिरायची. चहाबरोबर एकेक पांढरी गोळी. मी एकदा चारचौघींत तुझ्यावर खेकसले, स्टेरॉइड आहे ते, विष खाताय! तू शांतपणे म्हणालीस, "मग ये की चिखलात." मी पंख्याखाली बसून मेणात बसवलेले तुकडे कापणारी.

त्याच वर्षी तुझ्या मानेला लिंबाएवढी गाठ आली. तुकडा काढायची तारीख मिळेपर्यंत ती निम्मी झाली, सगळे खूश. तुकडा आमच्याकडंच आला, मीच कापला. काचेवर मेलेल्या पेशींशिवाय काही दिसेना. निदान करता येत नाही, पुन्हा तपासा, असं डॉक्टरांनी लिहिलं. आपण घरी 'काही नाही' असं वाचलं. तू खीर केलीस, मला वाटीभर जास्त वाढलीस. ती गोळी गाठ विरघळवते गं, रोग तिथंच राहतो, फक्त ओळखू येत नाही. दिवाळीनंतर गाठ दुप्पट होऊन आली तेव्हा रोगाचं नाव कळलं, कॅन्सर. तोवर तू पार खंगली होतीस. आधी कळतं तर वाचली असतीस का, कुणीच छातीठोक सांगत नाही. तू हवी होतीस, आई. भांडायला तरी.

हे पत्र कुणाला दाखवायचं नाही, म्हणूनच लिहितेय. घरात सगळे म्हणतात, आईनं गोळ्या लपवल्या. मीही मान हलवते. पण तुकडा काढायला निघालो त्या सकाळी रिक्षात माझा हात धरून तू विचारलं होतंस, "त्या गोळ्या चालू हायती, सांगू का डाक्टरला?" दवाखान्यातले सगळे माझ्या ओळखीचे. मी म्हणाले, "गप बस, माझी लाज काढू नकोस." जन्मभर माझं एक ऐकलं नाहीस. त्या दिवशी तेवढं ऐकलंस.