जपून ठेवलेलं कार्ड

आई, आज सकाळी कपाटातलं एक आधार कार्ड, ज्या बाईचं होतं, तिच्या हातात मी दिलं, आणि तेव्हापासून तुझ्याशी बोलावंसं वाटतंय. तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली, त्यामुळे उत्तराची घाई नाही.

सासूबाई अंथरुणाला खिळल्यापासून धायरीच्या या घरात त्यांचं करायला गडचिरोलीकडची एक बाई राहत होती. एजंटाने आणून सोडलेली. पगार मी त्याच्याच खात्यात भरायचे. पहिल्याच दिवशी त्याने तिचं कार्ड मला दिलं, म्हणाला, "मॅडम, तुमच्याकडे राहू द्या. नाहीतर या पळतात." "जपून ठेवते," म्हणत मी कुलूप लावलं. एवढी शिकलेली बाई मी! परवा तिची मुलगी तापाने फणफणल्याचा निरोप आला. "जाऊन ये की," मी म्हटलं. ती म्हणाली, "कशी जाऊ ताई? पैसे एजंटापाशी जपून आहेत, कार्ड तुमच्यापाशी." त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच जास्त लागलं. मग सगळं बोलली. तिची मजुरीही नवरा अशीच 'जपायचा'. त्या जाचातून सुटायला, दवाखान्यात नोकरी मिळेल या बोलीवर, ती एजंटाच्या गाडीत बसली होती.

जपून हा शब्द आपल्याच घरचा. तू खडकीच्या फॅक्टरीत राबायचीस आणि पासबुक बाबांच्या कपाटात. रोज सकाळी ओट्यापाशी उभी राहून म्हणायचीस, "अहो, बसला सुटे द्या ना." मी विचारलं, पैसे तुझेच ना? पोळी उलटत तू म्हणालीस, "हो ना, म्हणून तर कुलपात आहेत." मी हसले होते. बाबांना त्या एजंटाच्या पंक्तीला बसवताना आजही जिवावर येतं. त्यांनी तुला कुणाला विकलं नव्हतं. पण दार उघडं असूनही बाईला बाहेर पडता येऊ नये, ही युक्ती दोघांची एकच. आणि कुलूप लावताना माझीही.

आज एजंटाची तक्रार द्यायला तिच्याबरोबर पोलीस चौकीत गेले. हवालदाराने विचारलं, "कार्ड कुणाकडे होतं?" मी म्हटलं, "माझ्याकडे." त्याने मान वर करून पाहिलं आणि लिहून घेतलं. दुपारच्या गाडीने ती गेली.

हे पत्र कुठे धाडणार? कपाटातच राहील. पण एक सांगायचं राहिलंय. मावशीकडे कायमचं निघायचं म्हणून तू पिशवी भरली होतीस आणि मला हळूच म्हणालीस, "किल्ली घेऊन बाबांच्या कपाटातून माझं पासबुक आण." बाबांना कसं कळलं, हे तुला शेवटपर्यंत उमगलं नाही. मीच सांगितलं, आई. तू मला टाकून चाललीस असं वाटलं. मग तू पिशवी रिकामी करायला बसलीस, आणि सगळ्यात आधी माझे दोन फ्रॉक बाहेर काढलेस.