अंताक्षरीचे निबंध

८ सप्टेंबर, सोमवार
गाइड मॅडमनी आज सांगितलं, पुण्याच्या परिषदेला आमच्यापैकी एकीलाच पाठवता येईल. मी किंवा माझी सहकारी गुंजन. संशोधन दोघींचं एकच: बी.ए. इंग्रजीची मुलं निबंधात एका वाक्यावरून पुढच्या वाक्यावर कशी जातात. मागचा धागा उचलतात, की दर वाक्याला नव्याने सुरुवात करतात. मोजणारा प्रोग्राम माझा. एकेक तुकडी दोघींकडे शिकवायला.
आईने संध्याकाळीच पुण्याला आत्याला फोन केला. नको म्हटलं होतं.

११ सप्टें.
गुं.च्या तासाला मागे बसले. ती मुलांना वाक्यांची अंताक्षरी खेळवते. एकाचं वाक्य जिथे संपेल तिथून दुसऱ्याने सुरू करायचं. "जहाँ छोड़ो, उतईं से उठाओ." तिच्या गावची, गरौठ्याची बोली, तीही इंग्रजीच्या तासाला. मुलं हसतात, पण उचलतात. मी फळ्यावर बाणांची आकृती काढली होती. ती सगळ्यांनी उतरवून घेतली. इतकंच.
तिला दीदी म्हणतात. मला मॅम.

१७ सप्टें.
निबंध प्रोग्राममधून काढले. तिची तुकडी माझ्या तुकडीपेक्षा बरीच वर. पुन्हा चालवून पाहिलं, तेच. चूक सापडली असती तर बरं वाटलं असतं. मॅडम खूश. गुं. म्हणाली, "जिज्जी, जौ तो तुमाओ कमाल है. हमने तो बस खेल खिलाओ." कमाल माझी, असं तिला खरंच वाटत होतं. म्हणून जास्त लागलं.
जेवताना बाबा म्हणाले, त्या मुलीला मराठी येत नाही, पुण्यात काय करणार ती. परिषद इंग्रजीत आहे, मी म्हटलं. दिवसभर माझ्याही मनात तेच येत होतं, ते नाही सांगितलं.

२० सप्टें.
आकडे बाजूला ठेवून निबंध वाचले. पहिल्यांदाच. सर्वांत वरचा घेतला, गुं.च्या तुकडीतला. विषय ग्रंथालयाचं महत्त्व. ग्रंथालयात पुस्तकं, पुस्तकं कागदाची, कागद झाडाचा, झाडं जंगलात, जंगलात वाघ. शेवटचा परिच्छेद पूर्ण वाघावर. कडीला कडी पक्की. ग्रंथालयाचा पत्ता नाही. तिच्या तुकडीत असे बरेच.
रिक्षा केली नाही. घरी, खंडेराव गेटपर्यंत चालत आले, मजेत.

२२ सप्टें.
मॅडमना दाखवलं. गुं. समोर असताना. वाघापाशी पोचल्यावर मॅडम हसल्या. गुं.चा चेहरा उतरला. मग सरळ म्हणाली, खेळ शिकवला, विषयाकडे परत यायला शिकवायचं राहिलं.
मॅडम माझ्याकडे वळल्या. "और आपके प्रोग्राम ने इसी को सबसे ऊपर क्यों रखा?"
कारण तो फक्त कड्या मोजतो. निबंध कुठे चाललाय ते पाहत नाही. ते मी त्यात घातलंच नव्हतं. सांगितलं. आवाज स्थिर होता, बहुतेक.
दोघी मिळून दुरुस्त करा, म्हणाल्या. नाव शुक्रवारी पाठवायचं.

२४ सप्टें.
गुं. घरी आली. दोघींनाही नवरात्राचा उपास. आईने साबुदाण्याची खिचडी केली, तिला दुसऱ्यांदा वाढली. मला विचारलं नाही.
विषयाकडे परत येणं मोजायचा नियम तिने सुचवला, मी प्रोग्राममध्ये लिहिला. आता वाघ खाली गेला. यात कोणाचं किती, वेगळं काढता येत नाही. मी काढून पाहिलं.
जाताना म्हणाली, "पूना तुमईं जाओ, जिज्जी. हमाओ उतै को है?" तिथे तिचं कोणी नाही, म्हणे.
मला जायचं आहे. तिने दिलं म्हणून नाही.

२५ सप्टें., गुरुवार
मॅडमचा मेसेज: दोघींनी ठरवून एक नाव सकाळपर्यंत कळवा. गुं.ने लगेच ग्रुपवर माझं टाकलं. मॅडमनी आधी तिला शाबासकी दिली, मग मला विचारलं, "आप सहमत हैं?"
मन कोणाचं मोठं, तेही आता लेखी झालं. त्यातही पहिली तीच.
आई विचारतेय, तिकीट काढू का. अजून कोणालाच उत्तर दिलेलं नाही.