मावशी हातावर उभी राहते

रविवार, ६ जुलै १९१३. मोंतेविदेओ. सकाळ.
ठरलं. जुलै-ऑगस्ट म्हणजे इथे थंडी; हा हिवाळा खेळांचा. गुरुवारी होडी, शनिवारी पेलोता, रविवारी फुटबॉल. लांब उडी जमेल तशी. गोलकीपर शहरात पुष्कळ आहेत, चारही खेळ खेळणारा मी एकटा. १० ऑगस्टला ब्युनोस आयर्सची टीम बोटीने येणार. कॅप्टन लेसामा म्हणाला, बाउतिस्ता, गोलमध्ये तूच.
रिझर्व्ह गोलकीपर एल्बियो. गोदीत मेंढ्यांची कातडी वाहतो. माणूस चांगला, पण माझ्या जागेवर डोळा आहे.

शनिवार, १२ जुलै.
पेलोता जिंकलो. दगडासारखा चेंडू उघड्या हाताने भिंतीवर मारायचा म्हणजे हात सुजणारच. उजवा तळवा पावासारखा फुगला. आम्हा बास्क लोकांत यावर एकच उपाय. हात जमिनीवर ठेवायचा आणि त्यावर कुणीतरी उभं राहायचं. साचलेलं रक्त पसरतं. मायते मावशी उभी राहिली. म्हणाली, तुझ्या मामाच्या हातावर उभी राहायचे तेव्हा मी काडी होते, आता तुझं तू बघ. उभ्या उभ्या तिने रात्रीचे बटाटे सोलले. मी भरपूर शिव्या दिल्या.

रविवार, १३ जुलै.
जिंकलो. एक बॉल हातात आल्याचं मला कळलंच नाही. लोक ओरडले तेव्हा समजलं. इतकी सहजता आली आहे.
एल्बियो म्हणाला, बोटं पांढरी पडलीत रे, डॉक्टरला दाखव. म्हणजे मी दवाखान्यात आणि हा गोलमध्ये.

गुरुवार, १७ जुलै.
वल्हं दोनदा हातातून निसटलं. ग्रीस लावलं होतं, अशी तक्रार केली. बोटी सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याने हात फिरवून पाहिला. म्हणाला, खडखडीत कोरडं आहे. वय झालं त्याचं.

सोमवार, २१ जुलै.
माते, म्हणजे आमचा कडू चहा, त्याच्या पाण्याची किटली चुलीवरून नुसत्या हाताने उचलली. चटका बसला नाही. मावशी किंचाळली, मी शांत. एवढी कणखर कातडी आजोबांचीही नव्हती. संध्याकाळी फोड आले. किटली जुनी आहे.

शनिवार, २६ जुलै.
पेलोता अर्ध्यात सोडली. मधलं बोट जांभळं. मावशी हातावर उभी राहिली आणि लगेच उतरली. म्हणाली, आधी तू शिव्या तरी द्यायचास, आज गप्प पडून आहेस, पायाखाली कुणाचा हात आहे असं वाटतच नाही. मी म्हटलं, सहनशक्ती वाढली. तिने छातीवर क्रूस काढला आणि आत गेली.
मग पलंगाच्या पायाखाली हात सरकवून मीच वर बसलो. अजिबात दुखलं नाही. उपाय लागू पडतो आहे.

बुधवार, ३० जुलै.
कामावर लोकरीच्या गासड्यांवर गावांची नावं रंगवताना ब्रश सारखा पडत होता. मुकादम म्हणाला, तुझी अक्षरं दारू पिऊन आलीत का? त्याला सांगितलं, अक्षरं वाकडी असतील, चूक एकही नाही. त्याने तपासलं. नव्हती.

रविवार, ३ ऑगस्ट.
बॉल हातातून सुटून गोलमध्ये गेला. बॉल ओला होता. खरं तर ऊन होतं, पण दव पडलं असेल.
एल्बियो घरी आला. म्हणाला, गाढवा, तुझी जागा कुणाला हवी आहे, त्या दोन खांबांत उभा राहिलो की माझ्या पोटात कळ येते, पण तुझ्या हाताला वास येतोय. म्हटलं, मेंढीची चरबी चोळली आहे. म्हणाला, मेंढीचा वास मला नको शिकवूस. त्याला दार दाखवलं.
निर्णय: उजव्या हातावर हातमोजा चढवला, तो दहा तारखेपर्यंत काढायचा नाही. हात पाहिला की काळजी वाटते आणि काळजीने खेळ बिघडतो.

शुक्रवार, ८ ऑगस्ट. सकाळी.
ताप आहे. हाताशी संबंध नाही. मावशीने एल्बियोला बोलावलं आहे. दोघं दाराशी कुजबुजत आहेत, ट्राम ट्राम असं ऐकू येतं. शेवटी काय, रविवारी गोलमध्ये उभं राहायची घाई झाली आहे त्याला.

रविवार, १७ ऑगस्ट. इस्पितळ.
डाव्या हाताने लिहितो आहे. अक्षर मोठं, चूक नाही.
त्या शुक्रवारी दोघांनी मला ट्राममध्ये घालून इथे आणलं. डॉक्टरने मोजा कात्रीने कापला. मावशी खिडकीबाहेर बघत राहिली. डॉक्टरने विचारलं, लिहितोस कोणत्या हाताने? म्हटलं, याच. म्हणाला, आता दुसऱ्याने शिक.
मॅचमध्ये एकही गोल झाला नाही. एल्बियोने सगळे अडवले आणि नंतर खांबाला धरून ओकला, हे त्यानेच सांगितलं. त्याला दोन चुका समजावून दिल्या. तो हो हो म्हणाला.
कॅप्टन लेसामा आज येऊन गेला. टोपी फिरवत बसला होता. म्हणाला, लाइन्समन हवा आहे, झेंड्याला एकच हात लागतो. ही व्यवस्था तात्पुरती आहे, असं मी धरून चालतो.
उद्यापासून डावा हात तयार करणे. पेलोता डाव्यानेही खेळता येते. मावशीला विचारलं, हा सुजला तर उभी राहशील ना. तिने तो हात ओढून मांडीवर घेतला आणि दुपारभर सोडलाच नाही. म्हणून नोंद करायला संध्याकाळ झाली.