वकिलाचा कोट

बाबांस,

नमस्कार मुद्दामच लिहीत नाही.

आईच्या घटस्फोटासाठी वकील शोधायला मला तीन आठवडे लागले. पहिल्याने सगळं ऐकून घेतलं, तुम्ही तिच्या मनगटावर दिलेला इस्त्रीचा चटका पाहिला आणि म्हणाला, "मास्तर? छे! देवमाणूस. घरातलं घरातच मिटवा." दुसराही तेच म्हणाला. तेव्हा नीट पाहिलं. दोघांचेही काळे कोट आपल्याच दुकानात शिवलेले. शिलाई तुमची, काजं माझी.

मग मी कोर्टाच्या जिन्यात उभा राहून नुसते कोट न्याहाळत राहिलो. एका बाईंच्या कोटाचे खांदे उतरलेले होते आणि बाह्या बोटांपर्यंत आल्या होत्या. तयार घेतलेला, दुसऱ्याच कुणाच्या मापाचा. मी आईला घेऊन त्यांच्यामागे धावलो. त्यांनी आईला पाणी दिलं, मला बाहेर बसवलं आणि तासभर दार उघडलं नाही. बाहेर आल्यावर आई म्हणाली, "केली रे सही."

हे पत्र तुम्हाला देणार नाही. तुम्हाला वाचता येत नाही. दुकानात आलेला प्रत्येक कागद तुम्ही गिऱ्हाइकांसमोर माझ्या मशीनवर टाकता आणि म्हणता, "वाचा, बॅरिस्टरसाहेब!" आठवीतून मला तुम्हीच काढलंत.

सोमवारी नोटीस येईल. तीही तशीच टाकाल. दुकान भरलेलं असलं तरी मी ती मोठ्यानं वाचीन. एकही शब्द गाळणार नाही.

आईचा मुलगा