अस्तातलं लग्न

२१ मार्च २००४, पाडवा

नवं पंचांग आणलं. पूजा झाली, कडुनिंब चावून झाला, आणि मी आधी शुक्राचं पान उघडलं. जूनच्या सुरुवातीला अस्त! म्हणजे शुक्र सूर्याच्या इतका जवळ जाणार की डोळ्यांना दिसणार नाही. आणि तो दिसत नाही तोवर लग्नं बंद. इथे नाशकात गंगेवर भिक्षुकी करायला लागल्यापासून यजमानांना हेच सांगत आलो आहे.

पण यंदाचा अस्त निराळा. ८ जूनला शुक्र थेट सूर्याच्या बिंबावरून चालत जाणार — काळा ठिपका, भर दिवसा! आज जिवंत असलेल्या कुणीही हे पाहिलेलं नाही. स्वरदा आत्तापासून नाचतेय. मी काय कमी नाचतोय! सुधा म्हणाली, तुम्हा बापलेकीत लहान कोण तेच कळत नाही.

२८ मार्च

आरसा घासला. आठ इंची काच, गच्चीवरच्या पिंपावर. एक काच खाली, एक वर, मध्ये पाणी नि पावडर. घासत घासत पिंपाभोवती फिरायचं — प्रदक्षिणाच. स्वरदा दमली की मी, मी दमलो की स्वरदा. घासून घासून काचेला खोलगटपणा येतो, मग तिची दुर्बीण होते. जुनी चार इंची आहेच, पण ही स्वतःच्या हातची.

शेजारच्या लताबाई फुलांची टोपली घेऊन निघाल्या होत्या. खालून ओरडल्या, ‘गुरुजी, लय दळण चाललंय! एखादी ओवी तरी म्हना की!’ मग स्वरदाने खरंच म्हटली. सगळी दुपार त्या खर्रखर्र आवाजात कशी विरघळून गेली कळलंच नाही.

७ एप्रिल

स्वरदा कॉलेज रोडच्या सायबर कॅफेतून कागद छापून घेऊन आली. त्या ठिपक्याची वेळ टिपून पाठवायला जगभरातले हौशी लोक तयार बसलेत. जपानातला एक टॅक्सीवाला. तिथलीच एक नर्स. इराणात एका शाळेतल्या मुली. पोलंडात एका न्हाव्याने दुकानाच्या छपराला भोक पाडून दुर्बीण बसवली आहे म्हणे! मला वाटायचं नाशकात आम्हीच दहा-बारा खुळे. सात वर्षांपूर्वी तो धूमकेतू आला तेव्हा नववीतली स्वरदा मला ओढत गंगापूर धरणावर घेऊन गेली. शेंडेनक्षत्र बघायला शेंडीवाला आला म्हणून पोरं हसली. तिथे जो बिघडलो तो बिघडलोच.

आता डोळे मिटले की दिसतं — पृथ्वी हळूच वळतेय, आणि जिथे जिथे अंधार पोचतोय तिथे तिथे कुणीतरी जेवण अर्धं टाकून गच्चीवर जातंय. कुणाची कुणाशी ओळख नाही. फार गोड वाटलं.

२२ एप्रिल

हे कुणाला सांगणार नाही. म्हणून इथे.

तिन्हीसांजा टळल्यावर गच्चीवर गेलो. सप्तर्षी वर आलेले. वसिष्ठ दिसला — त्याच्या शेजारची अरुंधती दिसली नाही. डोळे पुसले. चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. नाही.

ज्याला अरुंधती दिसेनाशी होते त्याचे सहा महिने उरले, असं जुनं वचन आहे. लहानपणी वडिलांनी सांगितलेलं.

दुर्बीण लावली. दुर्बिणीत दिसली! पण वचनात दुर्बीण कुठे आहे? तिथे डोळाच आहे.

२३ एप्रिल

नाही दिसली.

२५ एप्रिल

ढुंढिराज, तू शनीची कडी पाहिलेला माणूस. मोतीबिंदू असेल, दुसरं काय! वय झालं. उद्या डॉक्टरकडे जा.

२६ एप्रिल

गेलो नाही. दवाखान्याच्या जिन्यापर्यंत गेलो होतो. तिथे मनात आलं — डॉक्टर म्हणाला, गुरुजी, डोळे ठणठणीत आहेत, तर? मग काय समजायचं? परत फिरलो. येताना सुधासाठी मोगरा घेतला. ती म्हणाली, आज काय विशेष.

२ मे

सिन्नरहून व्याह्यांचा फोन. स्वरदा-विश्वेशचा साखरपुडा जानेवारीतच झालाय, तारीख तेवढी राहिली होती. विश्वेश जर्मनीत नोकरीला. जूनमध्ये जेमतेम दहा दिवसांची रजा — ४ ते १४. नाहीतर डिसेंबरात महिनाभर. व्याही म्हणाले, ‘गुरुजी, जूनमध्ये अस्त ना? मग तुळशीचं लग्न होऊ द्या, सावकाश करू. तुम्हालाही लेक तेवढी जास्त मिळेल.’ भला माणूस.

पंचांग पाहिलं. १४ डिसेंबर, मुहूर्त उत्तम. स्वरदा खूश. म्हणाली, ‘बाबा, तोवर आपला आरसाही होईल.’

मी हो म्हणालो. डिसेंबर! तेव्हा मी असेन का?

५ मे

संध्याकाळी शुक्र पाहिला. चार इंचीत आता कोर दिसते, चंद्रासारखी. मला जरा पिंजलेली दिसली, बोललो नाही. स्वरदा सहज थट्टेत म्हणाली, ‘बाबा, अस्त म्हणजे दिसत नाही तो. पण ८ जूनला तर अख्खं जग त्याला बघणार. मग त्या दिवशी अस्त कसला?’ आणि हसली.

मी नाही हसलो. रात्रभर तेच घोळत राहिलं.

६ मे

सिन्नरला फोन केला. ८ जून पक्की. व्याही म्हणाले, तुम्ही जाणते, तुम्ही म्हणता ते शास्त्र.

शास्त्र कसलं! एका वचनाला घाबरून दुसरं मोडलं.

७ मे

सुधा पेटली. आयुष्यभर लोकांच्या पोरींची लग्नं अस्तापायी पुढे ढकलायला लावलीत नि स्वतःच्या पोरीचं अस्तात? लोका सांगे ब्रह्मज्ञान! स्वरदाची थट्टा मी तिच्याच गळ्यात बांधली. ती एवढंच म्हणाली — ‘बाबा, आरसा राहिला की.’ मी म्हणालो, मी करीन पुरा. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पंचांगात तोंड खुपसलं.

सांगून टाकावं का? घाबरतील. आणि ऐकून स्वरदा हसली तर? हसली तर बरंच. पण नाही सांगवत. तिच्या डोक्यावर अक्षता पडलेल्या मला पाहायच्यात, बस्स.

१९ मे

लग्न लावायला एकही भिक्षुक तयार नाही. पंचवटीतले माझेच एक स्नेही म्हणाले, ‘ढुंढिराज, जेवायला येईन. अंतरपाट धरायचा नाही.’ त्यांचं काय चुकलं? माझ्याकडूनच शिकलेत.

मग मीच लावणार. म्हणजे कन्यादान आम्हा दोघांना नाही. निफाडचा मेहुणा नि त्याची बायको करतील. सुधा स्वयंपाकघरात जाऊन रडली. या दोन ओंजळींसाठी मी बावीस वर्षं थांबले, म्हणाली. मी दाराशी उभा होतो. आत जायला पाय उचलला नाही.

७ जून

मेघ. सकाळपासून सूर्य दिसला नाही. मृग लागलाय, त्याचा तरी काय दोष! चार इंची दुर्बीण मंगल कार्यालयाच्या गच्चीवर नेऊन ठेवली, वर ताडपत्री. मांडववाला विचारत होता, ही कसली तोफ.

८ जून

झालं! लग्न झालं. आता सगळे झोपलेत.

मंगलाष्टकं मीच म्हटली. शेवटच्या ‘सावधान’ला अडखळलो, मेहुण्याने खोकल्याचं निमित्त करून निभावून नेलं. सप्तपदीनंतर वराने वधूला ध्रुव दाखवायचा, अरुंधती दाखवायची. लग्नं दिवसा, हॉलमध्ये. इतकी वर्षं मी पंख्याकडे बोट करायला लावत आलो. नवऱ्या मुलीला सांगायचं, दिसला म्हण. ती म्हणते, दिसला. पुढचा विधी चालू.

आज मी म्हणालो, गच्चीवर चला.

शालू सावरत स्वरदा, उपरण्याच्या गाठीने बांधलेला विश्वेश, मागे अख्खं वऱ्हाड. आभाळ भरलेलंच. दुर्बिणीच्या मागे पांढरा पुठ्ठा धरला — सूर्याकडे डोळा लावायचा नाही, पुठ्ठ्यावर त्याचं बिंब पाडायचं. बिंबच नाही. म्हाताऱ्या कुजबुजायला लागल्या. पंचवटीचे स्नेही खाली जेवायला म्हणून आलेले, तेही वर. सगळे उभे. कुणी जाईना.

आणि फाटले ढग! पुठ्ठ्यावर सूर्य उमटला, चांगला बशीएवढा, आणि त्यात काळा, गोल, निवांत शुक्र. काजळाची तीट लावावी तसा. तो टॅक्सीवाला, ती नर्स, त्या शाळेतल्या मुली, तो न्हावी — या घडीला सगळे याच ठिपक्याभोवती गोळा झालेले. आमचा मांडव एवढा मोठा होता!

विश्वेशने बोट केलं. ‘हा बघ.’ स्वरदा म्हणाली, ‘दिसला.’ म्हणताना मात्र ती माझ्याकडे बघत होती.

मलाही दिसला. पुठ्ठ्यावर होता म्हणून दिसला. स्नेही सगळ्यांत जास्त वेळ वाकून बघत बसले. शेवटी म्हणाले, ‘हा उघड दिसतोय. याला अस्त म्हणवत नाही बुवा.’ सुधा तेवढ्यावर हसली, एकोणीस मेनंतर पहिल्यांदा.

३० ऑगस्ट

स्वरदा गेली. व्हिसा आला नि गेली. जाताना गच्चीवर जाऊन आरशाला फडकं गुंडाळून आली.

११ सप्टेंबर

पिंपाभोवती एकट्याने फिरून पाहिलं. पाच-सहा फेऱ्या झाल्या. ठेवून दिलं.

३ ऑक्टोबर

दहाच्या सुमारास स्वरदाचा फोन. तिकडे आत्ता उजाडत होतं. आज शुक्र मघा नक्षत्राच्या ताऱ्याला अगदी खेटून उभा आहे. ‘बाबा, पहाटे पाहिलंत ना? दोन वेगळे दिसले ना?’

पहाटे पाहिलं होतं. पिंजलेला कापूस दिसला, एकच.

‘दिसले,’ म्हणालो.

इतक्या नवऱ्या मुलींना म्हणायला लावलं, आज स्वतः म्हटलं. फोन ठेवला तर सुधा मागे उभी. ‘अहो, कधीपासून दिसत नाहीये तुम्हाला?’ मी खाली बसलो नि सगळं सांगितलं. अरुंधतीपासून. ती हसली नाही. चप्पल घालून दारात जाऊन उभी राहिली, म्हणाली चला.

४ ऑक्टोबर

काल जागेवरच तपासलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकलेला. डॉक्टर म्हणाले, इतके दिवस काय करत होतात? मला एवढा आनंद झाला की मी त्यांचा हातच धरला. मोतीबिंदू! नुसता मोतीबिंदू! परतताना सुधाला रसवंतीत उसाचा रस पाजला. मी जगणार. दसऱ्यानंतर ऑपरेशन.

२३ नोव्हेंबर

दुसऱ्या डोळ्याचीही पट्टी निघाली. सुधाच्या कानाजवळचे केस पांढरे झालेत. कधी झाले?

१४ डिसेंबर

पहाटे स्नानाआधी गच्चीवर गेलो. वसिष्ठ, आणि त्याच्या शेजारी अरुंधती. टाचणीच्या टोकाएवढी, स्वच्छ. दुर्बीण नाही, काही नाही.

पिंपावर आरसा तसाच आहे, तिच्या फडक्यात.

आज स्वरदाचं लग्न असतं. ही पहाट ती या घरात असती.