लिफ्टमधली टकटक

आई,

तुझी नात काल लिफ्टमध्ये अडकली होती. वीज गेली, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्येच थांबली आणि नऊ वर्षांची पोर अंधारात तासभर नुसती दारावर टकटक करत राहिली. वरच्या काकू दार उघडं टाकून भाजी निवडत बसल्या होत्या, पण त्यांनाही ऐकू गेलं नाही. वीज आल्यावरही लिफ्ट हलेना म्हणून मेकॅनिकला बोलावलं, तेव्हा ती सापडली.

तो तिला म्हणाला, "बेल बंद होती गं, पण तुझा गळा तर चालू होता ना?"

ती म्हणाली, "आजी म्हणते, मुलीच्या जातीनं आवाज चढवू नये."

बघ, तुझी शिकवण वाया गेली नाही. मला लागू पडली, तशी तिलाही पडली.

तुला फोन केला, तर तू म्हणालीस, "रडली-ओरडली नाही ना? गुणाची पोर!"

आज तिला गच्चीवर नेलं आणि म्हटलं, ओरड. ती म्हणाली, "आधी तू." मी तोंड उघडलं, तर नुसतं घसा खाकरल्यासारखं झालं. मग तीच ओरडली, अशी की खालून काकूंनी घाबरून विचारलं, "काय झालं गं?" मी माफी मागणार, तेवढ्यात ती म्हणाली, "काही नाही काकू, आईला शिकवतेय."

हे पत्र मी पाठवणार नाही. गच्चीवरचं सोडलं, तर यातलं अक्षर न् अक्षर तुला काल फोनवरच सुनवायचं होतं. पण तू "गुणाची पोर" म्हणालीस आणि मी म्हटलं, "हो, आई."

तिच्याहूनही गुणाची,
तुझी लेक