एकेक रास पुढे

मामा,

'तीर्थरूप' लिहायला हात वळत नाही, म्हणून नुसतंच मामा.

साप्ताहिकात तुमचं वार्षिक भविष्य पानावर मीच लावते. गेल्या वर्षीचा मजकूर एकेक रास पुढे सरकवायचा, एवढीच तुमची विद्या. आईला हे सांगितलं, तर ती माझ्यावरच डाफरली, "माझ्या भावाला नावं ठेवू नकोस."

तिच्या कर्क राशीला तुम्ही लिहिलंत, 'छातीतली धडधड मनाची आहे, डॉक्टरांकडे धावू नका.' ती धावली नाही. नोकरी, कुटुंब, शिक्षण, सगळीकडे भरभराट लिहिली होतीत. ती बघायला आई उरली नाही.

यंदा ते वाक्य सरकून सिंह राशीला आलं, म्हणजे तुमच्याच. आणि परवा जरा धडधडलं, तर तुम्ही भरल्या ताटावरून उठून थेट हॉस्पिटल गाठलंत! वर तिथून मला फोन, "पान वेळेवर लाव गं."

लावलं. आरोग्याखाली बाराही राशींना एकच ओळ आहे: 'छातीत धडधडलं तर माझं भविष्य वाचत बसू नका, डॉक्टरांकडे जा.' खाली नाव तुमचंच. म्हणून हे पत्र धाडत नाही. अंक पोचेलच.

तुमच्या बहिणीची मुलगी